ओल: तेंदूच्या बोदातली आणि सिगारच्या पेटीतली

सिगार घरी साठवण्याच्या लाकडी पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. मुलचेऱ्यात ती कुणाकडे असेल असं आम्ही धरत नाही. पण ती ज्या प्रश्नापायी निघाली, तो प्रश्न इथल्या तेंदूच्या फळीवर दर उन्हाळ्यात सोडवला जातो.

प्रश्न असा, की वाळलेलं पान हवेशी सतत देवघेव करतं. कोरड्या हवेत ओल सोडतं, दमट हवेत शोषतं. फार सुकलं की चुरा, फार भिजलं की बुरशी. या दोन टोकांमधली जागा राखणं म्हणजे साठवण.

तेंदूचं बघा. सत्तर पानांचे पुडे फळीवर मांडून, उलटून वाळवतात. खडखडीत पुडा तसाच बोदात कोंबला तर पान तुटतं. म्हणून आधी पाणी शिंपडायचं, पान नरम होऊ द्यायचं, मग बोद भरायचा. हात जड पडला की बोदाच्या पोटात बुरशी. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूची मालकी ग्रामसभेकडे आली. म्हणजे जिथं ग्रामसभा स्वतः माल राखते, तिथं हे नुकसान ठेकेदाराचं नाही, गावाचं.

सिगारलाही हेच लागू. तिला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पेटी घेताना दोन गोष्टी बघाव्यात: झाकण घट्ट बसतं का, आणि आत स्पॅनिश सीडर आहे का. हे लाकूड देवदार नव्हे. कडुलिंबाच्या कुळातलं आहे. ते स्वतः ओल धरतं नि सोडतं, त्यामुळे चढउतार सौम्य होतात. मात्र नवी पेटी काही दिवस आधी ओलावून घ्यावी, नाहीतर कोरडं लाकूड सिगारचीच ओल पिऊन टाकतं. पाणी ऊर्ध्वपातित वापरावं. आर्द्रतामापक तपासायचा तर बंद डब्यात ओलसर मिठाजवळ दिवसभर ठेवावा. काटा ७५ च्या आसपास यायला हवा.

यात तत्त्वज्ञान कुठं आलं, असं कुणी विचारेल. राखणं म्हणजे बंद करून ठेवणं नव्हे, देवघेव मापात ठेवणं, एवढंच. फळीवरच्या बाया हे माप काट्याशिवाय, पान दुमडून ओळखतात.

आणि एक. पान उत्तम राखलं म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही. विडीचा नाही, सिगारचाही नाही.