जप्ती : शब्दाचा अर्थ आणि कायद्याचा हात

‘जप्ती आली’ एवढे दोन शब्द कानी पडले, की घरातल्या माणसांचे हातपाय गळतात. भांडीकुंडी रस्त्यावर, बाईच्या गळ्यातले मंगळसूत्रही जाणार, शेजारीपाजारी खिडकीतून पाहताहेत... हे चित्र बरेचसे सिनेमांनी रंगवलेले. शब्द आणि कायदा, दोन्ही त्याहून बरेच सौम्य आहेत.

‘जब्त’ हा मूळचा अरबी शब्द, फारसीमार्गे आपल्याकडे आला. घट्ट धरणे, काबूत ठेवणे हा त्याचा अर्थ. मन आवरण्यालाही उर्दू शायर ‘जब्त’च म्हणतात. अकबराच्या काळी जमीन मोजून पिकावर रोख सारा ठरवण्याची जी पद्धत होती, तिचे नाव ‘जब्ती’. तिच्यात कुणाची जमीन काढून घेणे नव्हते. मराठीत ‘ब’चा ‘प’ झाला. गंमत अशी, की नियम या अर्थाचा ‘जाब्ता’ हा शब्दही त्याच मुळाचा!

आजही दिवाणी जप्तीत मालकी लगेच जात नाही. वस्तू किंवा जमीन कोर्टाच्या काबूत येते आणि ती परस्पर विकता येत नाही. पैसे न भरल्यास लिलाव होतो, तो पुढे.

काय जप्त करता येत नाही, हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात आहे. ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिनेही सुरक्षित. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेला लागणारी गुरे आणि बी-बियाणे यांनाही अभय आहे. पोटगीची थकबाकी सोडल्यास, पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग वाचतो. म्हणजे १६,००० पगार असेल, तर जप्ती जास्तीत जास्त ५,००० वर. गहाण ठेवलेल्या घराची गोष्ट मात्र वेगळी. २००२ च्या कायद्याने बँकेला असे तारण दावा न लावताही ताब्यात घेता येते.

६२ वे कलम बेलिफालाच बांधून घालते. जंगम माल जप्त करण्यासाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरण्याची त्याला मुभा नाही. त्याच्याजवळ कोर्टाचे वॉरंट हवे. ते दाखवा म्हणण्यात कसलाही उद्धटपणा नाही. वसुलीसाठी दारात येणारा प्रत्येक जण बेलिफ नसतो.

स्थावराच्या जप्तीची मात्र अजूनही दवंडी पिटण्याची तरतूद आहे. अब्रूला धक्का बसतो तो इथे. पण पुढचा नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो : पैसे फिटले, की जप्ती उठते, आणि ऋणकोची इच्छा असेल, तर ती उठल्याचेही जाहीर करावे लागते. खर्च त्याचा.