व्हीलचेअर द्यायची तर आधी माप



मागच्या अंकानंतर एका मंडळीतून विचारणा आली. त्यांच्या परदेशातल्या नातलगांचा गट नाताळच्या सुट्टीत दोन आठवडे येणार आहे आणि सोबत वीस व्हीलचेअर आणणार आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर त्या वाटायला मदत कराल का? विचारणा मनापासूनची आहे. तरी मी लगेच हो म्हटले नाही. का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आम्ही एका दादांना अशीच दानात आलेली खुर्ची दिली. जांभळाच्या झाडावरून पडून त्यांचा मणका मोडला होता. कमरेखाली काही कळत नव्हते. आम्ही प्रार्थना केली, फोटो काढला, निघालो. दीड महिन्याने गेले तर खुर्ची पडवीत, तिच्यावर तांदळाचे पोते, आणि दादा आत पालथे पडलेले. बैठकीच्या हाडावर रुपयाएवढी जखम, आतून खोल. वहिनी म्हणाल्या, "ताई, खुर्ची नव्हती तवा बरं होतं."

ती खुर्ची रुग्णालयात पेशंटला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायची होती. सीट त्यांच्या अंगाला फार रुंद, खाली नुसते रेक्झिन, गादी नाही. आपण बसलो की हाड आणि सीट यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा अडतो. आपल्याला टोचते म्हणून आपण नकळत कूस बदलतो. दादांना टोचत नव्हते, म्हणून ते आनंदाने दिवसभर बसून राहिले. अशा माणसासाठी गादी म्हणजे अर्धी खुर्ची. हातांवर जोर देऊन थोड्या थोड्या वेळाने अंग उचलायलाही शिकवावे लागते. आम्ही काहीच शिकवले नव्हते. जखम भरायला पाच महिने गेले. चूक माझीच होती.

जमिनीचेही पाहावे लागते. गुळगुळीत फरशीसाठी केलेल्या खुर्चीची पुढची लहान चाके आपल्या वाडीच्या वाटेत रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. इथे पुढचे चाक मोठे आणि जास्त पुढे असावे लागते. हाताने फिरवायची तीनचाकी सायकल डांबरी रस्त्यावर चांगली, पण ती उंबरठ्यापाशीच थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली साधने कमी असलेल्या प्रदेशांसाठी व्हीलचेअरची मार्गदर्शिका काढली. तिच्यात आठ पायऱ्या आहेत. माणसाची तपासणी, मापे, खुर्चीची निवड, ती अंगाला बसवून पाहणे, वापरायला शिकवणे, नंतरची दुरुस्ती, असे सगळे त्यात येते. आपण जिला वाटप म्हणतो, ती त्यातली जेमतेम एक.

परदेशी ख्रिस्ती संस्थांनाही हे ठाऊक आहे. जोनी एरिकसन टाडा 1967 साली, सतराव्या वर्षी, पाण्यात सूर मारताना मान मोडून अपंग झाल्या. त्यांच्या 'व्हील्स फॉर द वर्ल्ड' या कामात अमेरिकेतल्या तुरुंगांतले कैदी जुन्या खुर्च्या दुरुस्त करतात, आणि सोबत फिजिओथेरपिस्ट स्वयंसेवक जाऊन प्रत्येकाला ती बसवून देतात. आपल्याकडे वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस 1954 च्या अपघातानंतर व्हीलचेअरवर बसूनच कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत.

आणखी एक अडचण. केंद्र सरकारच्या 1981 पासूनच्या एडिप योजनेत 40 टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर साधन मिळते. पण मोठ्या माणसाला गेल्या तीन वर्षांत तेच साधन कोणत्याही मार्गाने मिळालेले नसावे अशी अट आहे. म्हणजे आपण चुकीची खुर्ची दिली तर योग्य खुर्चीची वाटही अडू शकते. दाखल्यासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचे हेलपाटे असतात ते वेगळेच.

आणि नाताळात वाडीवर असते कोण? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसे.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्या चौघांचे आपण विश्वासासाठी कौतुक करतो. मला वाटते, त्यांना आपला माणूस ठाऊक होता आणि छप्पर कुठून उघडता येईल तेही ठाऊक होते.

म्हणून त्या गटाला मी असे कळवले आहे: गटात फिजिओथेरपिस्ट असेल तर जरूर या, पण दिवाळीच्या आधी. आम्ही आधी वाड्या फिरून मापे पाठवू. खुर्च्या सहा आणल्या तरी चालतील, गाद्या मात्र प्रत्येकीसोबत हव्यात, आणि टायर-ट्यूब गावातल्या सायकलच्या दुकानात मिळतील अशाच मापाच्या हव्यात. उरलेल्या पैशांतून दाखल्यांसाठीचा गाडीखर्च आणि दुरुस्तीचे सामान भागेल. फोटो मात्र घरच्यांना विचारूनच काढायचे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

दादांना आता मापाची खुर्ची आहे. ते तिच्यावर अंगणाच्या टोकापर्यंत जातात, तिथे बसून टोपल्या विणतात. पुढचे डावे चाक कुरकुरते आहे असा निरोप आला आहे. गुरुवारी बेअरिंग घेऊन जायचे आहे.