डाव्या कोपऱ्यावर कोण उभं आहे?

महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागल्या की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या कबड्डीप्रेमींत चौकशी सुरू होते ती चढाईपटूंची. यंदा बिर्लाला कोण मिळाला, ज्ञानसाधनाकडे कोण गेला, पेंढरकरचा गेल्या वर्षीचा भिडू अजून शिकतोय की पदवी घेऊन मोकळा झाला? प्रश्न स्वाभाविक आहे. चढाई डोळ्यांत भरते. एकटा गडी सात जणांच्या अंगणात शिरतो, दम घुमवत दोघांना हात लावून परत येतो, ते दृश्य विसरत नाही. तरीही मोसम सुरू होण्याआधी एखाद्या महाविद्यालयीन संघाकडून किती आशा धरावी, हे ठरवायचं असेल तर चढाईपटूचं नाव विचारून फारसं काही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. विचारायचं ते हे की डाव्या आणि उजव्या कोपऱ्यावर कोण उभं राहणार, त्यांच्या शेजारचे मध्यरक्षक कोण, आणि हे चौघे एकत्र किती दिवस खेळले आहेत.

यामागचा हिशेब साधा आहे. पुरुषांचा पूर्ण सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा आणि एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. म्हणजे सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून साधारण ऐंशी चढाया होतात. प्रत्येक संघ निम्मा वेळ चढाई करतो आणि निम्मा वेळ ती झेलतो. त्यातल्या कितीतरी चढाया कोरड्या जातात, ना गुण ना बाद. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की आता बहुतेक स्पर्धांत तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. इथे बचावाची खरी किंमत कळते. जो बचाव उतावीळपणे झेप घेत नाही, निदानरेषेपलीकडे आलेल्या गड्याला मोकळं फिरू देऊन दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवतो, तो तिसऱ्या खेपेला समोरच्याला आपल्या तावडीत यायला भाग पाडतो. पकड झाली की एक गुण मिळतो, आपला बाद झालेला एक गडी परत येतो, आणि समोरचा हुकमी चढाईपटू बाहेर बसतो. तो बाहेर असेपर्यंत त्यांच्या चढाया दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या मुलांना कराव्या लागतात. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना केलेली पकड तर दोन गुणांची. लोण चढण्याच्या बेतात असलेला संघ एका अव्वल पकडीने सामन्यात परत आलेला आपण किती वेळा पाहतो!

पण महाविद्यालयीन संघाच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. चढाई एकट्याची असते. चांगला चढाईपटू जुलैत प्रथम वर्षाला आला, तर मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गुण आणू शकतो. त्याला सोबत्यांची सवय असावीच असं नाही. पकड मात्र तिघा-चौघांची असते. कोपरारक्षकाने घोटा धरला आणि शेजारच्याचा आधार अर्ध्या क्षणाने उशिरा पोहोचला, तर चढाईपटू त्या दोघांना घेऊनच मध्यरेषा गाठतो. साखळीत हात धरून उभ्या असलेल्या दोघांना एकमेकांचं पाऊल न पाहता कळावं लागतं. ही समज महिनाभराच्या सरावात येत नाही. म्हणून जुलै महिन्यात ज्यावर भरवसा ठेवता येईल अशी एकच गोष्ट हाती असते, ती म्हणजे मागच्या वर्षीच्या बचावातले किती जण परत आले.

यावर पहिला आक्षेप येईल तो प्रो कबड्डीचा. २०१७ साली पाटणा पायरेट्सने सलग तिसरं विजेतेपद मिळवलं ते प्रदीप नरवालच्या चढायांवर. त्या मोसमात त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले, आणि अंतिम सामन्यात बचावासाठी नावाजलेल्या गुजरातच्या संघाला पाटण्याने ५५-३८ असं हरवलं. हे मान्यच करायला हवं. असामान्य चढाईपटू बचावाचा हिशेब मोडू शकतो. मात्र असा गडी पिढीत एखादाच असतो आणि त्याच्या भरवशावर आडाखा बांधता येत नाही. त्याच पाटण्याकडे २०२४च्या मोसमात देवांक होता. चढाईच्या गुणांत तो सर्वांच्या पुढे, ३०१ गुण. अंतिम सामन्यात समोर होता हरियाणा स्टीलर्सचा घट्ट बचाव. पाटण्याला अवघे २३ गुण करता आले आणि हरियाणाने ३२ गुणांसह विजेतेपद नेलं.

आपल्या घराजवळचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. जानेवारी २०१८मध्ये हैदराबादला महाराष्ट्राच्या पुरुष संघाने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कर्णधार रिशांक देवाडिगाच्या चढायांचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण त्या संघात कोपऱ्यावर कल्याणचा गिरीश इर्नाक होता. डाव्या कोपऱ्यावरून घोटा धरणारा हा गडी पुढे देशभर ओळखीचा झाला. कल्याणच्या मुलांना कबड्डीत पुढे जाण्यासाठी चढाईपटूच व्हावं लागतं, हा समज खोडून काढायला हे एक नाव पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. महाविद्यालयात दरवर्षी मुलं बदलतात, मग चढाईपटू जातो तसा बचावही विरतो, त्यावर अंदाज कसा बांधायचा? याचं उत्तर आपल्या भागाच्या नकाशातच आहे. कल्याण-डोंबिवलीभोवतालची सत्तावीस गावं, दिवा-शीळ, भिवंडी, पुढे मुरबाड आणि शहापूर या आगरी-कोळी-कुणबी वस्त्यांत कबड्डी महाविद्यालयाच्या कितीतरी आधी सुरू होते, गावच्या मंडळात. एकाच मंडळातले दोघे एकाच महाविद्यालयात आले, तर त्यांची साखळी प्रवेशाच्या दिवशीच तयार असते. शिवाय कसारा आणि कर्जत या दोन दिशांना पांगलेल्या मुलांना तासांनंतरचा सराव गाडीच्या वेळेशी जुळवावा लागतो. जे एका गावचे असतात ते घरी परतल्यावरही एकत्र सराव करू शकतात. पावसाळ्यात उघडी मैदानं चिखलाने भरतात आणि छताखालची मॅट सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो. म्हणून संघाची यादी लागली की नावांपुढे गाव आणि मंडळ लिहून पाहावं, हा माझा आग्रह आहे. चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आता आला आहे. त्यामुळे एखादी जोडी आणखी एक मोसम टिकली, तर तो संघासाठी मोठा लाभ असेल.

काही जाणकार याहून पुढे जाऊन म्हणतात, गडी मंडळातच घडतात, महाविद्यालय फक्त त्यांना वापरून घेतं, मग या स्पर्धांत एवढा जीव का गुंतवायचा? हे मला पटत नाही. विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने १९६१मध्ये कबड्डीला जागा दिली, तेव्हापासून हा खेळ गावाबाहेर नेणारी एक वाट महाविद्यालयातून गेली आहे. मुलींसाठी तर ती बहुतेकदा पहिलीच वाट असते. लोअर परळची सोनाली शिंगटे कबड्डीकडे वळली ती महर्षी दयानंद महाविद्यालयात आल्यावर, आणि २०१८मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ती होती. मुलींच्या संघांकडे पाहताना म्हणूनच माझा हिशेब थोडा बदलतो. ज्या मुली मंडळातून तयार होऊन आलेल्या नसतात, त्यांची साखळी महाविद्यालयातच बांधली जाते. तिथे शिक्षक किती वर्षं टिकून आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या किती मुली परत आल्या आहेत, हेच पाहावं लागतं.

मुंबई विद्यापीठाच्या ठाणे विभागात येत्या मोसमात माझी आशा कुणावर आहे, असं विचारलं तर मी गेल्या वर्षीच्या गुणफलकाकडे पाहणार नाही. ज्या संघाचे दोन्ही कोपरे आणि निदान एक मध्यरक्षक परत आले आहेत, त्याने आपला सर्वोत्तम चढाईपटू गमावला असला तरी तो विभागातून पुढे जाईल असं मी धरून चालेन. आणि ज्याने नावाजलेला चढाईपटू मिळवला पण बचावाचे चारही गडी नवे आहेत, त्याच्याकडून पहिल्या फेरीत टाळ्या घेणारा खेळ अपेक्षित आहे, बाद फेरीत मात्र धाकधूक. पहिल्या सामन्याला जाल तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं चेंडूमागे फिरवतो तशी नजर चढाईपटूमागे फिरवू नका. डाव्या कोपऱ्यावरच्या मुलाचे पाय पाहा, आणि तो झेपावण्याआधी त्याच्या शेजारच्याचं वजन कोणत्या पायावर गेलं आहे तेही पाहा.