पाकिटावरचे आकडे – 17 : 333 म्हणजे चुना का?

मंगरूळपीरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय, “मुलाच्या खाऊच्या पाकिटावर ‘आम्लता नियामक 333’ आहे. ते कॅल्शियम सायट्रेट, असं कळलं. म्हणजे आपण पोराला चुनाच खाऊ घालतो का?”

नाही, ताई. पण चुन्याशी त्याचं नातं आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातच दिसतं. वाशिमकडे बोअरचं पाणी तापवून तापवून पातेल्याला चुन्यासारखाच कॅल्शियमचा पांढरा थर धरतो. त्यावर लिंबाची फोड घासली की बुडबुडे येतात आणि थर सुटतो. थरातलं कॅल्शियम लिंबातल्या सायट्रिक आम्लाला मिळतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मागे उरतं ते कॅल्शियम सायट्रेट.

परवा मी ते डोळ्यांनी पाहिलं. चमचाभर गाळलेल्या लिंबाच्या रसात चुन्याची निवळी थोडी थोडी ओतत गेलो. कपभर निवळी गेल्यावर हळदीचा कागद लालसर झाला. आम्ल संपल्याची ही खूण. पाणी तोवर जवळपास नितळच होतं. गॅसवर ठेवलं आणि उकळी येताच ते गढूळलं, तळाशी पांढरी भुकटी बसली. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे सायट्रेट मात्र गरम पाण्यात कमी विरघळतं.

हाच गुण स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी 1784 साली वापरला. लिंबाच्या गरम रसात खडू घालून त्यांनी कॅल्शियम सायट्रेट खाली बसवलं, त्यावर गंधकाम्ल घातलं आणि शुद्ध सायट्रिक आम्लाचे स्फटिक मिळवले. पुढे सिसिलीतल्या लिंबांचं सायट्रेट जगभर जाई. 1917 मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ करी यांनी काळ्या बुरशीकडून साखरेचं सायट्रिक आम्ल करून घेण्याची वाट दाखवली आणि लिंबाची गरज संपली. तरी आजही अनेक कारखान्यांत बुरशीच्या द्रावात चुना घालून आधी सायट्रेटच खाली बसवतात.

खाद्यपदार्थात 333 आंबटपणा काबूत ठेवतं, कॅल्शियम पुरवतं आणि डबाबंद फळांच्या फोडी घट्ट ठेवतं. पेठ्यासाठी कोहळ्याचे तुकडे आपण निवळीत भिजवतो तेही याचसाठी. तिथे कॅल्शियम फळातल्या पेक्टिन या चिकट पदार्थाचे धागे एकमेकांना बांधतं.

चुना दाहक असतो, कारण तो तीव्र अल्कली आहे. सायट्रेट झाल्यावर तो दाह उरत नाही. हाडांसाठीच्या काही गोळ्यांतही हेच सायट्रेट असतं. त्याच्या वजनात कॅल्शियम साधारण 21 टक्के. तेव्हा ताई, 333 ला घाबरू नका. त्याच पाकिटावर साखर आणि मीठ किती, ते मात्र आधी वाचा.