भिंतीतली गोचीड

"हरणांमुळं झालं बघा, डॉक्टर." सागरेश्वरच्या आसपासच्या गावांत तापानं फणफणलेली गाय बघायला गेलो, की गोठ्यात पाय टाकायच्या आत हे ऐकू येतं. शिराळ्याकडं गेलो तर हरणाच्या जागी गवा येतो आणि वाळव्याच्या ऊसपट्ट्यात रानडुक्कर. या बोलण्यामागचा राग खरा आहे. धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरांवर झाडं लावून उभं केलेलं सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. कुंपण असूनही सांबर-चितळ बाहेर येतात आणि उभं पीक खाऊन जातात. ज्याचं पीक गेलं, त्यानं गोचिडीचं खापरही हरणावर फोडलं तर नवल नाही.

पण या एका समजुतीपायी औषध चुकीच्या जागी पडतं आणि हातची दुभती गाय जाते. इस्लामपुरात राहून या पट्ट्यातले गोठे फिरताना मी हे पुन्हा पुन्हा पाहतो आहे, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

गोचीड ताप म्हणजे थायलेरिओसिस. गोचीड रक्त पिताना एक सूक्ष्म परजीवी गायीच्या रक्तात सोडते. ताप १०४-१०५ अंशांवर जातो, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळ्याची आतली बाजू पांढरी पडते, जनावर वैरणीला तोंड लावत नाही. एचएफ आणि जर्सी संकरित गायी याला पटकन बळी पडतात. खिलार बरीच तग धरते. बुपारव्हाकोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर गाय वाचते. दोन-चार दिवस घरगुती उपायांत गेले, की आमच्याही हातात फारसं उरत नाही.

हा परजीवी येतो कुठून? या आजारातून उठलेली गाय तो पुढं कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात बाळगून असते. म्हैस तर बऱ्याचदा आजारी न दिसताच तो वागवते. म्हणजे साठा आपल्याच दावणीला बांधलेला असतो. हायलोमा जातीचं गोचिडीचं पिल्लू त्या जनावराचं रक्त पितं, खाली पडतं, फटीत जाऊन कात टाकतं आणि मोठं होऊन शेजारच्या गायीवर चढतं. या परजीवीचं एक वैशिष्ट्य असं, की तो गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्यानं जनावराच्या रक्तातूनच घ्यावा लागतो. त्यामुळं हरीण गोठ्याकडं फिरकलं नाही तरी हे चक्र चालूच राहतं. लाल लघवीचा आजार, म्हणजे बबेसिओसिस, याच्या उलट. तो अंड्यांतून उतरतो, त्याची गोचीडही वेगळी.

एका काकींच्या गोठ्यात हे दाखवायची संधी मिळाली. गायीवर दर आठवड्याला फवारणी चालू, तरी गोचिडी हटत नव्हत्या. गोठा दगड-मातीचा. भिंतीची फट सळईनं उकरली, तर आत टम्म फुगलेल्या माद्या आणि तपकिरी अंड्यांचे पुंजके. काकी म्हणाल्या, "अगं बाई, ह्या तर माझ्या डोक्याच्या वर चढल्यात!" एक मादी हजारो अंडी घालते. कुठल्याही वेळी गायीच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकी सगळ्या भिंतीत, गव्हाणीखाली, खुंट्याच्या भोकात. काकींनी फटी सिमेंटनं बुजवल्या, चुना मारला, कडबा लांब हलवून दगडी भिंतीवर फ्लेम गन फिरवली. अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारलं. गायीसोबत वासरं आणि म्हैसही घेतली. वासरं सोडली तर केलेलं वाया जातं.

औषध बाटलीच्या झाकणानं अंदाजे मोजायची सवय मात्र घातक आहे. पातळ डोसातून वाचलेली गोचीड पुढच्या पिढीला ताकद देते. डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी देशात अनेक ठिकाणी सापडल्या आहेत. आणि आयव्हरमेक्टिन टोचलेल्या गायीचं दूध डेअरीला घालू नये, ते लहान लेकरांच्या पोटात जातं.

एक सोपी गोष्ट रोज करता येते. हायलोमा चिकटल्यावर तिच्या लाळेतला परजीवी तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. धार काढताना कानात, कासेभोवती, शेपटीखाली हात फिरवून सापडेल ती काढावी आणि रॉकेलमध्ये टाकावी. बोटांनी चिरडू नये.

मग रानातली जनावरं यात कुठंच नाहीत का? आहेत. त्यांच्या अंगावरही गोचिडी असतात आणि बांधावरच्या गवतात पडतात. गोचिडीमुळं लाल लघवीचा आजार पसरतो हे स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेत १८९३ मध्ये गुरांवर सिद्ध केलं. तिथं १९०६ पासून मोहीम चालली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोलगतची पट्टी सोडून ती गोचीड हटली. आज त्या पट्टीत ती परत आणणाऱ्यांत हरणं आहेत आणि मूळची आपल्याकडची नीलगायही. रानातल्या जनावराला धरून फवारता येत नाही, हे तिथंही कळून चुकलं आहे. केनियाच्या लायकिपियात वेगळा अनुभव आला. झेब्रे-जिराफांच्या कुरणात औषध लावलेली गुरं चरली, की गवतावरच्या गोचिडी त्यांच्या अंगावर येऊन मरतात आणि कुरणातल्या गोचिडी घटतात. गाय तिथं केरसुणीचं काम करते.

औषधाविना गुरं जंगलात सोडली तर तीच गाय गोचिडी पोसते. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात पोचला. त्याचा विषाणू माणसापर्यंत आणणारी गोचीड वेगळी, पण तिच्या माद्या जंगलात चरणाऱ्या गुरांवर पोसतात. तिकडं मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नये, आरोग्य केंद्राला कळवावं.

आमच्या भागात हरणापेक्षा कितीतरी लांबून गोचीड आणतात ते बाजारातून घेतलेली गाय आणि ऊसतोडीचे बैल. बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या अड्ड्यावर शेकडो बैल दाटीनं बांधले जातात, तिथून गाड्या गावोगावच्या फडात जातात. त्या बैलांवर पोट चालणाऱ्याला औषधाचा खर्च परवडत नाही. तो कारखान्यांनी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे: बैल अड्ड्यावर उतरतील त्याच दिवशी पाठीवर ओतायचं औषध, आणि हंगाम संपून टोळ्या परतताना पुन्हा एकदा.