प्रत्येक सभागृहाचा वाढदिवस वेगळा



2024 मध्ये विधानसभेची ड्युटी करून वर्गात आलो, तर पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, उन्हाळ्यात मतदान झालं होतं ना? मग परत कशाला?"

मी उलट विचारलं, "तुम्ही सगळे पाचवीत, मग सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी का नाही?"

"जन्म वेगळ्या दिवशी झाला म्हणून!"

सभागृहांचंही तसंच आहे. लोकसभा, विधानसभा आणि ग्रामपंचायत यांची मुदत पाच वर्षांचीच, पण प्रत्येकाची मोजणी आपापल्या पहिल्या बैठकीपासून होते. 1952 ते 1967 या काळात लोकसभा व बहुतेक विधानसभांच्या निवडणुका एकत्र होत. पुढे काही सभागृहं मुदतीआधी बरखास्त झाली आणि वेळापत्रक विस्कटलं.

आपल्या महाराष्ट्राचंच बघा. सप्टेंबर 1999 मध्ये दोन्ही निवडणुका सोबत झाल्या. पण 2004 ला लोकसभा काही महिने आधी बरखास्त झाली. तिची निवडणूक एप्रिल-मे मध्ये, तर विधानसभेची ऑक्टोबरमध्ये झाली. तेव्हा पडलेलं अंतर 2009, 2014, 2019 आणि 2024 लाही कायम राहिलं.

गावाची गोष्ट आणखी वेगळी. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदार यादी मात्र विधानसभेचीच वापरतात, ती प्रभागानुसार विभागतात.

मुदत संपण्याआधी नवी निवडणूक व्हावी, असं संविधान सांगतं. तरी कधी ती लांबते. मुंबई महानगरपालिकेची निवडणूक 2017 ला झाली. मार्च 2022 ला मुदत संपली, पण नवी निवडणूक वेळेत झाली नाही आणि प्रशासक नेमला गेला. प्रशासक हा अधिकारी असतो, त्याला लोकांनी निवडलेलं नसतं. मग गटार तुंबलं, दिवा बंद पडला, तर लोकांनी आपल्या कोणत्या नगरसेवकाला जाब विचारायचा? म्हणून "पुन्हा निवडणूक" हा त्रास नसून हिशेब मागायची वेळ आहे, हे मुलांना सांगायला हवं.

उपक्रम : मुलांना घरी विचारून यायला सांगा, आपल्या ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची मागची निवडणूक कधी झाली? त्यावरून मुदत कधी संपते ते वहीत लिहायला लावा. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मोठ्यांनाही हे आठवेना. पालकहो, तुम्हाला आठवतं का?