उष्णता नेमकी कुठे अडते?

शाळेतला संगणक सुरू होतो, पाच-दहा मिनिटे नीट चालतो आणि एकाएकी बंद पडतो. लगेच पुन्हा सुरू केला तर आधीपेक्षाही लवकर बंद पडतो. असे दोन-चार वेळा झाले की ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान होते आणि यंत्र कोपऱ्यात जाऊन बसते. पण अशी लक्षणे दाखवणारे यंत्र गेलेलेच असेल असे नाही. पुष्कळदा त्याचा प्रोसेसर फक्त तापलेला असतो. तापमान वाढले की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर, जळून जाण्याआधी, काम थांबवतो. दुरुस्तीला एक ब्रश, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडासा लेप पुरतो. मात्र उष्णता कुठे अडली आहे हे आधी शोधले पाहिजे, आणि त्यासाठी शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर सतत उघडझाप करीत असतात. दर वेळी थोडा विद्युतप्रभार इकडून तिकडे जातो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट शक्ती घेत असे. आजचे टेबलावरच्या संगणकातले प्रोसेसर भर कामात ६५ ते १०० वॅट, काही त्याहूनही बरीच जास्त घेतात. १०० वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढीच शक्ती, मग एवढे काय? फरक क्षेत्रफळात आहे. १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. प्रोसेसरमधला सिलिकॉनचा तुकडा जेमतेम दीड-दोन चौरस सेंटिमीटरचा. तिथे हाच आकडा ५० वॅटच्या वर जातो. इस्त्री तापावी म्हणूनच केलेली असते. सिलिकॉन मात्र साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवावे लागते.

ही उष्णता एका साखळीतून बाहेर पडते. सिलिकॉनमधून वरच्या धातूच्या झाकणात, तिथून लेपाच्या पातळ थरातून हीटसिंकच्या पात्यांत, पात्यांवरून पंख्याच्या हवेत आणि शेवटी कॅबिनेटबाहेर खोलीत. येथे ओहमचा नियम आठवावा. विद्युतधारेच्या जागी उष्णतेचा प्रवाह ठेवा आणि विभवांतराच्या जागी तापमानातला फरक. साखळीतला प्रत्येक दुवा हा एकसरीत जोडलेला रोध झाला. त्याचे एकक ‘अंश प्रति वॅट’.

समजा, एकूण रोध ०.४ आहे. १०० वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम राहील. खोली २५ अंशांवर असेल तर ६५, आणि एप्रिलअखेर चंद्रपूरच्या वर्गात ४२ अंश असतील तर ८२. दोन्ही चालण्यासारखे. आता धूळ साचून किंवा लेप सुकून रोध ०.६ झाला असे धरा. हिवाळ्यात ८५ अंश होतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. एप्रिलमध्ये १०२ होतील आणि संगणक बंद पडेल. उन्हाळ्याला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण बिघाड जानेवारीतही होताच.

कोणता दुवा बिघडला हे कसे ओळखावे? प्रोसेसरचे तापमान दाखवणारा प्रोग्रॅम सुरू करा, संगणकाला जड काम द्या आणि घड्याळ लावून आकडे टिपा. पंखा बंद असेल किंवा पात्यांत धूळ अडकली असेल तर तापमान सावकाश चढते. अर्धा किलो ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला एक अंश तापायला सुमारे ४५० ज्यूल लागतात. १०० वॅटने तो ४० अंश चढायला तीन मिनिटे लागतील. याउलट आकडा काही सेकंदांतच ९०-९५ वर उडी मारत असेल तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. संगणक बंद करून, वायर काढून, बोटाची पाठ हीटसिंकला लावून पाहा. प्रोसेसर गरम आणि हीटसिंक थंड, म्हणजे दोष मधल्या लेपात किंवा सैल झालेल्या स्क्रूत आहे. हीटसिंकही चटका देत असेल तर दोष हवेकडे आहे. आणि बंद पडताना आकडा ६० च्या आसपासच असेल तर हा लेख बाजूला ठेवून पॉवर सप्लाय तपासावा.

लेपाचे महत्त्व आकड्यांत पाहण्यासारखे आहे. वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंच्या मध्ये बारीक फटी राहतात. त्यांत हवा असते, आणि तांब्यापेक्षा हवा सुमारे १५,००० पट मंद उष्णतावाहक आहे. झाकण १० चौरस सेंटिमीटरचे आणि मधली फट सर्वत्र २० मायक्रोमीटर, म्हणजे केसाहूनही पातळ, अशी कल्पना करा. तिच्यात नुसती हवा असेल तर १०० वॅटला त्या एका फटीतच सुमारे ७७ अंशांचा फरक पडेल. (प्रत्यक्षात धातू ठिकठिकाणी टेकलेले असतात, म्हणून इतका पडत नाही.) तिथे चांगला लेप भरला तर फरक अर्ध्या अंशाहूनही कमी. म्हणून काही जण सढळ हाताने लेप थापतात. पण लेप तांब्याहून बराच मंद वाहक आहे. त्याचा थर १ मिलिमीटर झाला तर तोच २० अंश खातो! लेप फटी भरण्यापुरताच हवा. हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका मध्यभागी ठेवावा. हीटसिंकच्या दाबाने तो आपोआप पसरतो.

काम करताना वायर काढलेली असावी आणि आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातला स्थिरविद्युत प्रभार जाऊ द्यावा. धूळ झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. सुकलेला लेप गोंदासारखा चिकटतो. हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो, म्हणून संगणक थोडा वेळ चालवून लेप मऊ होऊ द्यावा आणि मग हीटसिंक हलकेच फिरवत सोडवावा. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. पंख्याची पिन परत बसवायला विसरू नये.

राहिला शेवटचा दुवा, खोलीची हवा. एक लिटर हवा एक अंश तापवायला साधारण १.२ ज्यूल लागतात. १०० वॅट उष्णता नेताना हवा दहाच अंश तापावी असे वाटत असेल तर सेकंदाला आठ-नऊ लिटर हवा कॅबिनेटमधून गेली पाहिजे. दार लावलेल्या लाकडी कपाटात ती कुठून येणार? पंखा तीच गरम हवा पुन्हा आत घेतो. चोरीच्या भीतीने अशी कपाटे करून घेतलेली आम्ही शाळांमधून पाहिली आहेत. मागच्या फळीला हाताच्या पंजाएवढी दोन भोके, एक खाली आणि एक वर, पाडली तर कुलूपही राहते आणि हवाही.

दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे विद्यार्थ्यांकडून एकाच आलेखकागदावर काढून घ्यावेत. खोलीचे तापमान दोन्ही दिवशी नोंदवून ते आकड्यांतून वजा करायला सांगावे, नाहीतर ढगाळ दिवसाचे श्रेय लेपाला मिळेल.